संगीताचा अर्ज

बारावीची परीक्षा संपली की आपल्या घरांतून अर्जांचा हंगाम सुरू होतो. नर्सिंग, फार्मसी, आयटीआय आणि ऐपत असेल तर इंजिनिअरिंग. माझ्या मुलीने संगीताच्या पदवीला अर्ज भरायचा म्हटले, तेव्हा घरात आठ दिवस कुणी धड बोलले नाही.

आम्ही मिरजेचे. सतारमेकर गल्ली आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पंढरपूरकडून आलेले भोपळे तिथे वाळत पडलेले असतात. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगारांच्या हातांनी या गावात सतार-तंबोरे घडवायला सुरुवात केली. त्याच मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्य घडवायला कुणाची हरकत नाही. दर्ग्याच्या उरुसात रात्रभर गाणे ऐकायलाही नाही. पण आपलीच पोरगी तंबोरा घेऊन बसते म्हटल्यावर सगळ्यांना दीन आठवतो.

मुलगी दहा वर्षांची असल्यापासून गल्लीपलीकडच्या बाईंकडे शिकते. प्रारंभिकपासून मध्यमा पूर्णपर्यंत गांधर्वच्या परीक्षा तिने दिल्या. पहाटे फजरची नमाज झाली की अम्मी तसबी घेऊन बसायची आणि आतल्या खोलीत हिचा खर्जाचा रियाज चालायचा. दोघींनी एकमेकींना कधी अडवले नाही. शौक म्हणून हे सगळे चालले. अर्ज आला आणि शौकाचे शिक्षण झाले. घाबरायला झाले ते तिथे.

मोठे भाईजान आले. म्हणाले, "गानेवाली बनाते क्या छोरी को? कल रिश्ता कौन लायेगा?" दीनमध्ये मनाई आहे, हेही सांगून झाले. मी काही आलिम नाही. पण या विषयावर उलेमांमध्ये शेकडो वर्षे मतभेद आहेत, इतके मला ठाऊक होते. इमाम गझालींनी आपल्या 'इह्या'त समा या विषयावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, हे मी भाईजानना सांगितले. ते म्हणाले, "किताबें मत दिखा." मी गप्प बसलो. खरी भीती दीनाची नव्हती, रिश्त्याची होती, आणि ती काही खोटी नव्हती.

अर्जात एक रकाना होता: घरातली संगीताची पार्श्वभूमी. मुलीने विचारले, "अब्बा, इथे काय लिहू?" आमच्या सात पिढ्यांत कुणी गायलेले नाही. मी म्हटले, "नाही असे लिही." तिने तसेच लिहिले. पण त्या रात्री मी तिला गावाची पार्श्वभूमी सांगितली. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली वारले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले. हिराबाई बडोदेकर ही त्यांचीच मुलगी, 1905 साली मिरजेत जन्मलेली. बाईमाणसाने तिकीट लावून जाहीर मैफल करायची वाट पाडणाऱ्यांत ती पुढे होती. दुसरा अर्ज बडोद्याला जाणार होता. तिथली गायनशाळा 1886 साली मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने सुरू केली. पुढे तिचेच विद्यापीठातले संगीत महाविद्यालय झाले. आपण परक्या दारात उभे नाही, एवढे तिला कळले तरी मला पुरे होते.

पुण्याच्या तोंडी परीक्षेला मी बरोबर गेलो. बाहेर बाकावर बसलेल्या मुलांच्या घरी कुणाचे वडील तबलजी, कुणाची आई गायिका. आमची पोरगी ओढणी नीट करत हातावर एकतालाच्या बारा मात्रा मोजत होती. भीमपलास दुपारचा राग, पण तिचा नंबर सकाळी अकराला लागला. बाईंनी आधीच सांगून ठेवले होते, परीक्षेला घड्याळ नसते, जे पक्के आहे तेच गा. दाराआडून मला फक्त षड्ज ऐकू आला. तो हलला नाही.

यादीत नाव आले. आता तिची अम्मी विचारते, तीन-चार वर्षांनी पोट कशावर भरणार? शाळेत संगीतशिक्षिका, शिकवण्या, साथ, नशीब असेल तर मैफल. खात्री कशाचीच नाही. पण भाईजानच्या मुलाने इंजिनिअरिंग करून तीन वर्षे घरी काढली, त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. भाईजान अजून राजी नाहीत. तिच्या निकाहाची काळजी मलाही आहे. ती मी करीनच. तिने ती गळ्यात घेऊन गाऊ नये.

वाचकांपैकी कुणाच्या घरात गळा असलेली मुलगी असेल, तर त्यांना एकच सांगणे आहे. अर्जाच्या तारखा वर्षभर आधी बघून ठेवा. अर्ज भरायला एक दुपार पुरते. घरच्यांना समजवायला फार दिवस लागतात.