उचलून पाहावी अशी सायकल

सायकलचं वजन किती, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारत नसे. वीस-बावीस किलोंची काळी सायकल घरात असायची. दांडीखालून पाय घालून पोरं तिच्यावर शिकायची आणि दूधवाला तिलाच दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून गल्लोगल्ली फिरायचा. विशी-तिशीत ते वजन जाणवत नाही, आणि पुढे स्कूटर आली की सायकलच सुटते. पन्नाशीनंतर गुडघे कुरकुरू लागतात, डॉक्टर व्यायाम सांगतात आणि माणूस इलेक्ट्रिक सायकलच्या दुकानात शिरतो. तिथे तो एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते ते विचारतो, चार्जिंगला लागणारा वेळ विचारतो. वजन मात्र विचारत नाही. खरं तर या वयात तोच प्रश्न आधी विचारायला हवा.

‘मोटर आहे ना, मग वजनाची काळजी कशाला?’ असं यावर कुणी म्हणेल. चालवण्यापुरतं ते खरं आहे. पंधरा किलोंची सायकल आणि बावीस किलोंची सायकल यांत फरक सात किलोंचा. सपाट रस्त्यावर सगळा झगडा वाऱ्याशी आणि टायरच्या घर्षणाशी, तिथे हे सात किलो जवळपास कळतच नाहीत. शंभर मीटर उंचीचा चढ चढवायचा तर त्यांच्यासाठी, मोटरमधला अपव्यय धरूनही, तीन वॉट-तासांहून कमी वीज लागते. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॉट-तास वीज मावते. म्हणजे एवढा चढ चढूनही या सात किलोंपायी बॅटरीतला शंभरावा हिस्साही खर्च होत नाही. रेंज वाढावी म्हणून हलकी सायकल घेणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो.

पण मोटर मदत करते ती माणूस सीटवर असेपर्यंत. जुन्या इमारतीत लिफ्ट नसते, जिना अरुंद असतो आणि प्रत्येक वळणावर सायकल उभी करून हँडल फिरवावं लागतं. बॅटरी मागच्या कॅरिअरवर आणि मोटर मागच्या चाकात असेल तर सगळा भार मागे जातो. पुढचं चाक हवेत तरंगतं, मागचं पायरीला धडकतं. साध्या पंक्चरला चाक काढावं लागत नाही, ट्यूब ओढून पाण्यात बुडवली की बुडबुडे दिसतात. ट्यूब बदलायची असेल तर मात्र मोटरची वायर सोडवा, मोठे नट काढा आणि ते जड चाक पेलून धरा. वाटेत चार्ज संपला तर तेच वजन पायांनी ओढायचं. विशीत जे एका हिसक्यात जिना चढून जातं, ते साठीत कंबरेला महाग पडतं.

जड म्हणजे दणकट, हा आपला जुना समज आहे. काळ्या सायकलचं वजन बरंचसं तिच्या लोखंडी सांगाड्यात होतं आणि तो सांगाडा खरोखरच पोतं वाहत असे. इलेक्ट्रिक सायकलमध्ये मात्र मोटर, बॅटरी आणि पुढचं सस्पेन्शनही वजन वाढवतात, त्यामुळे नुसता काटा पाहून बळकटी ठरत नाही. हलकी सायकल महाग असते आणि तिची बॅटरी अनेकदा लहान असते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तरीही पेडल मारत गेल्यास ३६० वॉट-तासांत तीसेक किलोमीटर जाता येतं. रोजच्या दहा-बारा किलोमीटरला ते पुरून उरतं. तळमजल्यावर राहणाऱ्यानं, किंवा ज्याला सामान वाहायचं आहे त्यानं खुशाल जड सायकल घ्यावी.

कायद्याचा आधार शोधू नये. नोंदणी आणि लायसन्सशिवाय चालणाऱ्या या वाहनांना आपले नियम बॅटरी सोडून साठ किलोंपर्यंत मुभा देतात. ती मर्यादा रस्त्याची आहे, आपल्या जिन्याची नाही. बॅटरी निघणारी असेल तर ती वेगळी वर नेता येते, तीन-चार किलो कमी होतात. ती सहज निघते का, हेही पाहावं. दुकानात चक्कर मारून झाली की सायकल दोन्ही हातांनी उचला, दोन पायऱ्या चढवा, जागच्या जागी वळवा. हे जमलं नाही, तर ती कितीही किलोमीटर जात असली तरी घेऊ नका.