पायरी पायरीनं लिथांग

तिबेट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ल्हासा आणि तिथला पोटाला राजवाडा येत असेल. पण तिबेटी माणसं त्याहून कितीतरी मोठ्या मुलुखात राहतात, बरं का! त्यातल्या पूर्वेकडच्या भागाला म्हणतात खाम. खामचा बराचसा भाग आज चीनच्या सिचुआन प्रांतात येतो. नोकरीनिमित्त आम्ही शांघायला राहतो. २०२४ च्या ऑक्टोबरात मुलांना दहा दिवसांची सुट्टी मिळाली आणि आम्ही चौघं, म्हणजे मी, हे, आठवीतली थोरली आणि चौथीतला धाकटा, खामच्या डोंगरगावांतून फिरून आलो.

"आणि गाडी कोण चालवणार गं?" सासूबाईंनी पुण्याहून फोनवर विचारलं.

"आम्हीच!"

त्यासाठी आम्ही दोघांनीही चीनची लेखी परीक्षा दिली होती. शंभर प्रश्न, त्यातले नव्वद तरी बरोबर यायला हवेत. शिवाय तिथं गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं हाकायची, आपल्या अगदी उलट!

आमचा रस्ता होता राष्ट्रीय महामार्ग ३१८. गंमत म्हणजे तो आमच्या शांघायमधूनच सुरू होतो आणि तब्बल ५,४७६ किलोमीटर धावत नेपाळच्या सीमेला भिडतो. आम्ही मात्र चेंगडू शहरापर्यंत विमानानं गेलो आणि तिथं भाड्याची गाडी घेतली.

या प्रवासाचा हट्ट होता थोरलीचा. तिला अवकाशाचं भारी वेड. दाओचेंग गावाजवळच्या पठारावर ४,४१० मीटर उंचीवर 'लासो' नावाची वेधशाळा आहे. ती २०२१ मध्ये पूर्ण झाली. तिथं हजारो यंत्रं जमिनीवर मांडून ठेवलेली आहेत. अवकाशातून अतिशय शक्तिमान किरण आले, की ते वरच्या हवेवर आदळतात आणि सूक्ष्म कणांची जणू सरच कोसळते. ही सर ती यंत्रं टिपतात. डोक्यावर हवा जितकी कमी, तितकी सर जास्त खाली पोचते. म्हणून तर वेधशाळा इतक्या उंचावर! "आत नाही सोडलं तरी चालेल, रस्त्यावरून तरी बघूया," असं थोरली महिनाभर घोकत होती.

पण जी विरळ हवा यंत्रांना सोयीची, तीच माणसाला त्रासाची. चार हजार मीटरवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानानं जेमतेम साठ टक्के. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला वेळ लागतो. म्हणून आम्ही मुक्काम पायऱ्यांसारखे आखले होते.

पहिली पायरी कांगदिंग, उंची सुमारे २,५०० मीटर. चेंगडूहून निघालेला द्रुतगती मार्ग एका साडेतेरा किलोमीटरच्या बोगद्यातून जातो. धाकट्यानं बोगदाभर दिवे मोजले आणि शेवटी कंटाळून झोपला! कांगदिंगचं तिबेटी नाव दारत्सेदो. गावाच्या मधून नदी अशी गर्जत जाते, की पुलावर उभं राहून बोलायचं तर ओरडावंच लागतं.

पूर्वी चहाचा मोठा बाजार इथं भरे. सखल भागातला चहा विटांसारखा दाबून हमाल पाठीवरून आणत. एकेकाच्या पाठीवर सत्तर-ऐंशी किलो! इतकं ओझं उतरवलं तर पुन्हा कोण चढवणार? म्हणून ते बसतच नसत. हातातली लोखंडी टोकाची काठी ओझ्याखाली टेकवायची आणि उभ्या उभ्याच दम खायचा. या काठ्यांनी दगडांना पडलेली भोकं जुन्या वाटेवर अजून दिसतात. कांगदिंगला चहा याकच्या कातड्यात शिवला जाई आणि जनावरांच्या पाठीवर लादून पुढे तिबेटात जाई. या हमालांना कित्येक दिवसांत जे अंतर कापायला लागे, ते आम्ही एका दुपारीत कापलं होतं! म्हणूनच आम्ही तिथं दोन रात्री राहिलो.

पुढचा झेदुओ घाट ४,२९८ मीटर उंच. सुट्टीमुळे गाड्यांची ही भली मोठी रांग! वर निळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या आणि पिवळ्या पताका वाऱ्यानं फडफडत होत्या. आकाश, हवा, अग्नी, पाणी आणि पृथ्वी यांचे हे रंग. धाकटा पताकांकडे पळत सुटला आणि दहा पावलांतच मटकन खाली बसला. "आई, माझा श्वास कुठं गेला?" तिथं फार न रेंगाळता आम्ही शिनदुचाओ या खालच्या गावात मुक्काम केला. दिवसा उंच चढा, पण झोपायला खाली उतरा, हा डोंगराचा जुना नियम आहे.

पाचव्या दिवशी लिथांग गाठलं. उंची ४,०१४ मीटर, म्हणजे जवळजवळ अडीच कळसूबाई एकावर एक! इथं पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे शेवया शिजवायलासुद्धा प्रेशर कुकर लागतो. जेवणात लोणी-मिठाचा चहा आणि त्साम्पा होता. त्साम्पा म्हणजे चक्क आपलं सातूचं पीठ. धाकट्यानं दोन वाट्या चापल्या. थोरलीनं मात्र ताट बाजूला सारलं.

रात्री तीन वाजता तिनं मला हलवलं.

"आई, डोकं खूप दुखतंय. सकाळी विचारलंस तर मी 'नाही दुखत' म्हणेन, म्हणून आत्ताच सांगतेय."

मला काय बोलावं सुचेना. उजाडलं की दाओचेंगला निघायचं होतं. तिची वेधशाळा त्याच वाटेवर होती, जेमतेम दोन-तीन तासांवर.

सकाळी आम्ही तिथल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजला, तिला सरळ रेषेत चालायला लावलं. त्रास सौम्य होता. ह्यांनी विचारलं, "दाओचेंग तर लिथांगपेक्षा खालीच आहे, ३,७५० मीटरवर. मग आज तिथं गेलो तर?"

"आणि मधला घाट?" डॉक्टर म्हणाले. "तो साडेचार हजारांच्याही वर चढतो. डोकं दुखत असताना वर जायचं नाही. आज विश्रांती घ्या. चालताना तोल गेला किंवा बसल्या जागी दम लागला, तर मात्र ताबडतोब प्राणवायू लावून माझ्याकडे आणा. मग तिला खाली न्यावंच लागेल."

एक दिवस थांबायचं म्हणजे दाओचेंग रद्द. परतीची तिकिटं ठरलेली होती. थोरली काहीच बोलली नाही. खोलीवर आल्यावर भिंतीकडे तोंड करून ती बराच वेळ पडून राहिली. धाकट्यानं आपलं बिस्किटाचं पाकीट गुपचूप तिच्या उशाशी ठेवलं.

संध्याकाळी डोकं उतरलं आणि आम्ही अगदी सावकाश मठाकडे गेलो. हा मठ १५८० मध्ये तिसऱ्या दलाई लामांनी स्थापन केला. सातवे दलाई लामा याच लिथांगमध्ये १७०८ मध्ये जन्मले. हातातली प्रार्थनाचक्रं फिरवत म्हातारी माणसं मठाला प्रदक्षिणा घालत होती. एका आजींनी थोरलीचा पांढराफटक चेहरा पाहिला, हातानं 'हळू, हळू' अशी खूण केली आणि तिच्या पावलाला पाऊल जुळवून चालू लागल्या. भाषा एकमेकींना कळत नव्हती. तरी दोघींनी अख्खी फेरी बरोबर पुरी केली! आम्ही मागेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी डोकं साफ होतं. परतीच्या घाटानंतर यालुंग नदीकाठच्या याजियांगला उतरलो, तेव्हा थोरलीला अशी सणसणीत भूक लागली, की तिनं धाकट्याच्या वाटचंही फस्त केलं.

आता तिच्या टेबलासमोर नकाशा लावलाय, लडाखचा. तिथं हानले गावी सुमारे ४,३०० मीटरवर 'मेस' नावाची भारताची मोठी गॅमा किरण दुर्बीण आहे. योगायोग बघा, तिचं उद्घाटनही ४ ऑक्टोबर २०२४ लाच झालं! थोरलीनं नकाशावर लेहपासून मुक्काम मांडलेत आणि प्रत्येक गावापुढे उंची लिहिली आहे. लेहच्या पुढे तिनं लाल शाईनं लिहिलंय : 'इथं तीन रात्री. कुणीही घाई करायची नाही.'