हेलियमची नाममुद्रा

साताऱ्यात शिकवीत असताना पाठचिकित्सेच्या तासाला, विषयांतराच्या ओघात, मी ठामपणे सांगून बसलो की हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला. माहिती ऐकीव, पण तिला अस्मितेचा गोडवा होता. गाथेतील प्रक्षिप्त अभंग कसे ओळखावेत हे शिकवणाऱ्याने पुरावा पाहू नये, याची लाज पुढे बरीच वर्षे पुरली. नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर आले ते जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा मात्र त्यांनी ऑक्टोबर १८६८मध्ये, ग्रहणावाचून, इंग्लंडमधूनच पाहिली होती.

१८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणाचा एक साक्षीदार सांगलीकरांच्या अधिक जवळचा आहे. पटवर्धनांच्या जमखंडीत (आज ती कर्नाटकात) लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते. ढगांच्या फटींतून त्यांना तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन तेजस्वी रेषा दिसल्या. नारिंगी रेषा त्यांनी सोडियमच्या ‘डी’ रेषेशी जुळणारी मानली. हेलियम डोळ्यांसमोर होता; कर्ता मात्र दुसराच ठरला.

अशी गफलत पुन्हा घडली. १८९६मध्ये पिकरिंग यांना ‘झीटा पपिस’ ताऱ्यात आढळलेल्या रेषा आणि १९१२मध्ये फाउलर यांनी प्रयोगशाळेत मिळवलेली ४६८६ अँगस्ट्रॉमची रेषा, दोन्ही हायड्रोजनच्या खात्यावर जमा झाल्या. त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत, हे १९१३मध्ये नील्स बोर यांनी दाखवले.

म्हणजे नाममुद्रा निर्विवाद झाली. पण ‘तुका म्हणे’ असल्याने अभंग तुकोबांचाच ठरत नाही, हे आपण जाणतोच. सप्तर्षींच्या दिशेला, सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षांवर ‘वन झ्विकी १८’ ही बटू दीर्घिका आहे. तिच्यात धातू अत्यल्प. सूर्याच्या तुलनेत ऑक्सिजन जेमतेम दोन-तीन टक्के. (खगोलज्ञ हेलियमपेक्षा जड सगळ्यालाच धातू म्हणतात, ऑक्सिजनलासुद्धा! व्याकरणवाल्यांनी हसू नये; आपला ‘धातू’ तरी कुठे सोन्याचांदीचा?) तेथे ४६८६ची रेषा ठळक दिसते. ती उमटण्यासाठी हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉनही आधी निघावा लागतो. त्याला ५४.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, हायड्रोजनच्या चौपट. नेहमीच्या तप्त ताऱ्यांकडे इतके प्रखर किरण पुरेसे नसतात. वुल्फ-राये तारे मोजून पाहिले, तेही अपुरे पडतात. क्ष-किरण जोडतारे, वायूतील आघातलहरी, जवळजवळ धातुहीन असे अवजड तारे असे दावेदार अनेक आहेत, एकमत नाही. मला या अनिर्णयाचा हेवा वाटतो. आपल्याकडे कर्ता सापडला नाही की आपण एक नेमून टाकतो.

साताऱ्याच्या त्या वर्गातला एक विद्यार्थी आज स्वतः प्राध्यापक आहे. मध्यंतरी सांगलीत भेटला. त्याच्या तासाला माझा विजयदुर्ग अजून येतो, हे त्याच्याच तोंडून कळले. मी सारी दुरुस्ती सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “खरंय सर. पण मुलांना ती गोष्ट फार आवडते हो.”