आधी मारवा

अंबाजोगाई

चि. सोनीस,


रविवारी फोनवर तू एक वाक्य बोललीस आणि ‘साउंड चेक आहे आत्या’ म्हणून फोन ठेवूनही दिलास. मी मात्र त्या वाक्यालाच धरून बसलेय. म्हणे, ‘वसंतराव देशपांड्यांनी तरी कुठं घराणं मानलं? मग मी बाईंकडे जाऊन अजून यमन कशाला घोटू?’ अगं माय! वसंतरावांचं नाव घ्यायचं आणि क्लास बंद करायचा? त्या माणसाचा असा उलटा उपयोग केलेला मी तरी पहिल्यांदाच ऐकला.

तुझ्या फ्युजनला माझी ना नाही, हे आधी लिहून टाकते. नाहीतर हे पत्र दादाला दाखवून ‘आत्यापण तुमच्याच बाजूची’ म्हणशील. गिटार घे, ड्रम घे, जे घ्यायचं ते घे. पण ‘मी वसंतराव’ सिनेमा एकदा बघून वसंतराव कळले असं समजू नकोस. नातवानं, राहुल देशपांडेनं, फार मनापासून काम केलंय त्यात, गाण्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरी तीन तासांत माणसाची वर्षं कशी दिसणार? पडद्यावर गुरू येतो, शिकवतो, जातो. मध्ये जे घासणं असतं ते कोण दाखवणार, आणि दाखवलं तर तिकीट कोण काढणार!

वसंतरावांचा जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. आईनं एकटीनं नागपुरात वाढवलं. तिथं शंकरराव सप्रे गुरुजींकडे पाया घातला गेला. १९३५ च्या ‘कालियामर्दन’ सिनेमात भालजी पेंढारकरांनी त्यांना कृष्ण केलं. आता एवढ्या वयात सिनेमात नाव झालं, तर तुझ्या त्या मॅनेजरनं लगेच टूर लावली असती. हा पोरगा पुढं मामांकडे लाहोरला गेला आणि उस्ताद असद अली खाँसाहेबांपुढे बसला. काय शिकला? मारवा. एवढा एकच राग! तोही कसला, तर तंबोऱ्यात घुमणाऱ्या षड्जाला डावलून गायचा. जरा सुटला की पुरिया नाहीतर सोहनी होऊन बसतो. तुला मी मारवा सांगायला लागले तेव्हा ‘आत्या, हा उदास आहे, दुसरा सांग’ म्हणाली होतीस. आठवतंय ना?

पुढं किराण्याचे सुरेशबाबू माने झाले, भेंडीबाजारचे अमान अली खाँ झाले, आणि दीनानाथ मंगेशकरांचं गाणं तर अंगातच भिनलेलं. इतक्या दारांत जोडे काढून झाल्यावर ते म्हणाले की घराणं माझ्यापासून सुरू होतं. तू एका दारातून उठून तेच म्हणतेयस.

आणि पोटासाठी काय, तर पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी. बदली झाली ती थेट ईशान्य सीमेवरच्या नेफापर्यंत. दिवसा आकडे, रात्री गाणं, असं वीसेक वर्षं. मैफलीतले जाणकार विचारायचे की यांचं घराणं कोणतं, आणि उत्तर नसलं की मान डोलायची ती अर्धीच. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक आलं १९६७ साली, तेव्हा वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे होते. गेले १९८३ च्या जुलैत. म्हणजे त्यातल्या ज्या खाँसाहेबांच्या भूमिकेमुळे महाराष्ट्र त्यांना ओळखतो, त्यानंतर त्यांना अवघी सोळा वर्षं मिळाली. तू सव्वीस वर्षांची आहेस आणि ‘उशीर होतोय’ म्हणतेस!

त्या नाटकातली गंमत तुझ्या कधी लक्षात आली का? आफताब हुसेन खाँसाहेब हा घराण्याच्या अभिमानानं आंधळा झालेला माणूस, विद्या कुणाला द्यायला तयार नाही. दारव्हेकर मास्तरांनी हा लिहिला, आणि उभा कुणी केला, तर ज्याला लोक घराणं विचारून बेजार करत होते त्यानं. चाली बांधणारे अभिषेकीबुवाही अनेकांकडे शिकलेले. दोघांनाही भिंती ठाऊक होत्या, कारण दोघेही प्रत्येक भिंतीच्या आत राहून आले होते. म्हणूनच ती पदं आज पन्नास वर्षांनंतरही गाताना घाम फोडतात. पुढं १९७९ च्या ‘अष्टविनायक’ मध्ये वसंतराव सिनेमासाठी गायले, घरोघरी पोचले. त्यानं त्यांचं शास्त्रीय बाटलं असं कोण म्हणेल?

खरं तर ही शास्त्रीय, ही सुगम, अशी कुंपणं पुण्या-मुंबईच्या हॉलमधली. आमच्या बीड जिल्ह्यात कुणी घातली होती? संतकवी दासोपंतांची समाधी तुझ्या आजोळच्या वाटेवर आहे. लहानपणी त्यांची कापडावर लिहिलेली पासोडी बघताना कापड किती लांब एवढंच मोजलंस तू. त्या माणसानं सवा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिला, आणि पदं रचली ती रागांची नावं घालून. चारशे वर्षांपूर्वी! आपेगावचे शंकरबापू (पैठणचं नव्हे, आपल्या तालुक्यातलं आपेगाव) भजनातला पखवाज घेऊन शास्त्रीय मंचावर बसले आणि पद्मश्री झाले. त्यांना कुणी क्रॉसओव्हर म्हटलं नाही. आमच्या पिढीनं राग पुस्तकातून शिकले नाहीत. कीर्तनकारानं अभंगाला भीमपलास लावला की तो भीमपलास. रेडिओवर नाट्यगीत लागलं की आई भाकरी थापता थापता सम गाठायची, तीसुद्धा न चुकता. तुझ्यात जे गाणं आलंय ते असं आलंय, आणि तू मला सांगतेस की तू काहीतरी नवीन जोडतेयस!

असो. फार लांबलं. दादा म्हणतोच की मला विषय मिळायला नको.

झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. तू पाठवलेला तो व्हिडिओ मी कानाला लावून ऐकला. तुझी पट्टी काळी चार. गिटारवाल्याच्या सोयीसाठी तू दीड-दोन सूर वर गातेयस, तार सप्तकात आवाज दाबून काढतेयस आणि खर्ज तर नाहीसाच झालाय. शेवटच्या गाण्यात ‘आ’कारात खरखर आहे. ती माइकची म्हणू नकोस, मला चाळीस वर्षं मुली शिकवून एवढं कळतं. आठवड्यात तीन कार्यक्रम, रात्री दोनला जेवण, त्यावर बसमधला एसी. गेल्या दिवाळीतही बोलताना तुझा आवाज मध्येच बसत होता. तुझ्या मॅनेजरनं पुढं केलेल्या त्या करारात, आजारी पडलीस तर कार्यक्रम पुढं ढकलायची सोय आहे का? नसेल तर सही करण्याआधी कुणा वकिलाला वाचायला दे, माझं ऐक.

२५ नोव्हेंबरपासून इथं यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह आहे, संगीतसभा चुकवू नकोस. पण त्याची वाट बघत थांबू नकोस. याच आठवड्यात घशाच्या डॉक्टरला दाखव, ते सांगतील तितके दिवस गाणं बंद ठेव, आणि बाईंना फोन करून सोमवारची वेळ परत मागून घे. त्या रागावतील, रागावू देत. पैशाची अडचण असेल तर दादाला न सांगता मला सांग.

तुझी,
आत्या