अंगठीतून जाणारी शाल

शालीला आपल्याकडे केवढा मान आहे! पंडिताचा सत्कार असो, कीर्तनकाराची बिदागी असो की व्याह्यांची रवानगी असो, शाल आणि श्रीफळ यांवाचून कार्य पुरे झाले असे कोणास वाटत नाही. कोणाला टोचून बोलायचे झाले तरी आपण ते शालजोडीतून बोलतो. अशा या शालींमध्ये एक शाल सर्वांची राणी समजली जाई. ती म्हणजे शाहतूश. आईने-अकबरीत 'तूस' या नावाने तिचा उल्लेख आढळतो. पूर्ण रुंदीची शाल बोटातील अंगठीतून सर्रकन ओढून काढून दाखवावी आणि पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे, अशी तिची ख्याती. वाचकहो, आपल्यापैकी काहींच्या घरी, आजीच्या किंवा पणजीच्या पेटीत, अशी एखादी शाल अजूनही असेल. या लेखाचा विषय शोधप्रवासी हा आहे. परंतु त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट या शालीवरूनच जाते.

आमच्या नागपुरास थंडी पडू लागली की काश्मिरी शालवाला पाठीवर गाठोडे घेऊन दारी येत असे. ओसरीवर बैठक मांडून तो एकेक शाल उलगडी आणि आमच्या आत्या त्याच्याशी तासभर घासाघीस करून शेवटी एखादे मफलर घेत. एका वर्षी त्याने गाठोड्याच्या तळातून मातकट रंगाची, हलकीशी एक शाल काढली आणि अंगठीचा तो प्रयोग करून दाखविला. आत्यांनी विचारले, "ही लोकर आहे तरी कशाची?" तो म्हणाला, दूर बर्फाळ मुलखात एक जनावर असते; उन्हाळा आला की ते झुडपांना अंग घासते, काट्यांना लागलेली लोकर पोरे वेचून आणतात, आणि वर्षानुवर्षे वेचावी तेव्हा एक शाल होते. किंमत ऐकून आत्यांनी शाल हळूच परत केली. कथा मात्र आम्हां मुलांच्या मनात घर करून राहिली. तो गृहस्थ खोटे बोलत होता असे मला आजही वाटत नाही. त्याने जे ऐकले होते तेच तो सांगत होता, आणि दिल्लीपासून लंडनपर्यंतची मोठमोठी दुकाने तीच कथा सांगत होती.

कथा सुंदर होती, पण तीत एक उणीव होती. ज्या पठारावर हे जनावर राहते तेथे लोकर अडकावी असे झुडूप शोधूनही सापडणे कठीण.

त्या पठाराचे नाव चांगथांग, म्हणजे तिबेटी भाषेत उत्तरेकडील पठार. त्याचा एक पदर आपल्या लडाखातही उतरला आहे. उंची साडेचार ते पाच हजार मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर दुसरी कळसूबाई ठेवली आणि तिच्यावरही एक डोंगर चढविला तरच तेथवर पोहोचावे. झाड नाही, पीक नाही. खुरटे गवत, खाऱ्या पाण्याची तळी आणि अष्टौप्रहर वाहणारा वारा. रानयाक, कियांग नावाचे रानगाढव, लांडगा आणि चिरू हे तेथले रहिवासी. चिरू दिसायला हरणासारखा, परंतु शास्त्रज्ञ त्याचे नाते शेळ्यामेंढ्यांशी जोडतात. नराच्या माथ्यावर अर्ध्या मीटरहून लांब, जवळजवळ सरळ, काळी शिंगे असतात. बाजूने पाहिले की दोहोंचे एकच शिंग दिसते, आणि एकशिंगी पशूच्या दंतकथेचा उगम त्यातच आहे असे म्हणणारेही आहेत. उणे तीस-चाळीस अंशांच्या हिवाळ्यात तग धरता यावा म्हणून निसर्गाने त्याला जी आतली लोकर दिली, तिचा तंतू पश्मीन्याहूनही बारीक असतो. हीच ती शाहतूश. एका चिरूपासून ती दीडशे ग्रॅमही मिळत नाही. एका शालीला तीन ते पाच जनावरे लागतात. आणि ती मिळविण्याची एकच रीत होती: चिरू मारायचा, कातडे काढायचे, मग लोकर उपटायची.

या पठारावर जुन्या काळी जे शोधप्रवासी गेले त्यांचे लक्ष पशूंकडे फारसे नव्हते. त्यांना नकाशा हवा होता. कुमाऊँचे पंडित नैनसिंह १८७४ साली लेहहून ल्हासाला निघाले ते यात्रेकरूचा वेष घेऊन, शंभर मण्यांच्या माळेवर पावले मोजत. मोजणीतला हा अचाट पराक्रम आपल्या पाठ्यपुस्तकांतून मुलांना अधिक विस्ताराने सांगायला हवा, असे माझे जुनेच मत आहे. पुढे युरोपीय आले. बंदुकीवर पोट भरत ते पुढे सरकत. मात्र १९०३ साली सेसिल रॉलिंग या ब्रिटिश अधिकाऱ्याने एका उंचवट्यावरून जे पाहिले ते त्याने आवर्जून लिहून ठेवले. दृष्टी पोहोचेल तेथवर पिल्लांसह चिरूच्या माद्याच माद्या. एका नजरेत पंधरा ते वीस हजार. त्यानंतर कित्येक दशके या ठिकाणाकडे कोणी फिरकलेही नाही.

शाहतूशचे रहस्य फुटले ते जॉर्ज शॅलर यांच्यामुळे. हे नाव आपल्याला परके नाही. १९६३ ते १९६५ या काळात मध्य प्रदेशातील कान्हाच्या जंगलात राहून त्यांनी वाघ आणि हरणे यांचा जो अभ्यास केला तो भारतातील वन्यजीवशास्त्राचा एक पाया मानला जातो. पुढे १९८५ पासून ते तिबेटच्या पठारावर हिंडू लागले. तेथे भटक्यांच्या तंबूंत त्यांना चिरूच्या कातड्यांचे ढीग आणि उपटलेल्या लोकरीची गाठोडी दिसली. ही लोकर जाते कोठे? नेपाळमार्गे, लडाखमार्गे, चोरवाटांनी श्रीनगरला. उत्तर भारतातील तपासात तर असेही उघड झाले की या व्यापारात लोकरीच्या मोबदल्यात वाघांची हाडे तिबेटकडे जात. म्हणजे कान्हासारख्या जंगलातला वाघ आणि चांगथांगवरचा चिरू एकाच तराजूच्या दोन पारड्यांत मारले जात होते.

शॅलर यांच्या सांगण्यावरून बरेच घडले. १९९३ साली तिबेटात चांगथांगचे विशाल राखीव क्षेत्र जाहीर झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी चिरूंची संख्या सत्तर हजारांच्या आसपास असल्याचा अंदाज केला. शतकाच्या आरंभी ती दहा लाखांच्या घरात असावी असे मानतात. पण एक प्रश्न सुटला नव्हता. दर उन्हाळ्यात माद्या नरांना मागे ठेवून उत्तरेकडे तीन-तीनशे किलोमीटर चालत जातात, पिल्ले घालतात आणि परततात. पश्चिमेकडील कळप नेमका कोठे जातो? शॅलर यांनी तेथवर पोहोचण्याचा प्रयत्न केला, परंतु बर्फाने आणि चिखलाने त्यांना माघारी लावले. हे ठिकाण ठाऊक असणे निकडीचे होते, कारण शिकारी तेथे आधी पोहोचले तर एका रात्रीत आया आणि पिल्ले दोन्ही संपणार. ज्या जागेचा पत्ताच नाही तिच्यावर पहारा बसवावा कसा?

येथे या कथेत चार गिर्यारोहक प्रवेश करतात. रिक रिजवे हे १९७८ साली के-२ शिखर सर करणाऱ्या पहिल्या अमेरिकनांपैकी एक. कॉनराड अँकर यांना १९९९ साली एव्हरेस्टच्या उतारावर मॅलरीचा देह सापडला होता. गॅलन रोवेल हे पर्वतांचे नामवंत छायाचित्रकार. वय साठीच्या पुढे. चौथे जिमी चिन, तिशीही न गाठलेले. २००२ च्या उन्हाळ्याच्या तोंडी हे चौघे चांगथांगवर दाखल झाले. तेथे शिखर नव्हते, विक्रम नव्हता, नकाशात भरायची एकही नदी नव्हती. त्यांना केवळ गाभण माद्यांच्या मागोमाग चालायचे होते.

चालायचे कसे, हाच मुळात प्रश्न होता. मोटार न्यावी तर वितळत्या जमिनीत चाके रुततात. घोडे किंवा गाढवे न्यावीत तर इतक्या उंचीवर त्यांना पोटभर चारा नाही. मागील काही मोहिमांतली ओझ्याची जनावरे वाटेतच मेली होती. तेव्हा या चौघांनी ॲल्युमिनियमचे दुचाकी गाडे करवून घेतले, आपल्या रिक्षासारखे, आणि स्वतःला त्यांना जुंपून घेतले. प्रत्येक गाड्यावर शंभर किलोंहून अधिक ओझे: अन्न, तंबू, इंधन, कॅमेरे. जगातील उत्तम गिर्यारोहकांनी कलकत्त्याच्या हातरिक्षावाल्याप्रमाणे दांडी धरून पाच हजार मीटरांवर गाडा ओढावा, यात मला एक गमतीदार न्याय दिसतो. कलकत्त्यात निदान रस्ता तरी असतो. येथे वाळू, दलदल आणि ओढ्यांचे दगड. आसपास वस्ती नाही, आणि कोणी आजारी पडल्यास हाक मारावी असा माणूस शेकडो किलोमीटरांत नाही. गोडे पाणी मिळेल तेथे मुक्काम. असे सुमारे चारशे किलोमीटर ते चालले.

वाटेत माद्यांचे लहान लहान जथे त्यांना दिसू लागले. एका दिशेने, घाईने, पुढे जाणारे. ते त्यांच्या मागे राहिले आणि अखेर कुनलुन पर्वताच्या बाजूस त्या उजाड माळापर्यंत पोहोचले, जेथे माद्या पिल्ले घालत होत्या. नुकते जन्मलेले पाडस काही वेळातच उभे राहते आणि आईमागे चालू लागते. लांडगे आणि आकाशातून टेहळणी करणारे मोठे पक्षी यांच्यापुढे त्याला दुसरा उपाय नाही. रोवेल यांनी छायाचित्रे घेतली, इतरांनी चित्रफीत टिपली, आणि चौघे आले तसेच, कोठेही झेंडा न रोवता, परतले. त्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात आपल्या गावाजवळ विमान कोसळून रोवेल आणि त्यांच्या पत्नी यांचे निधन झाले. चिरूंची ती छायाचित्रे नॅशनल जिओग्राफिक मासिकात एप्रिल २००३ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा ती घेणारा या जगात नव्हता.

आपण विचाराल, चार परदेशी माणसे गाडे ओढून गेली म्हणून चिरू वाचला काय? नाही, तसे म्हणणे अन्यायाचे होईल. चिरूंच्या शिकाऱ्यांशी लढताना जानेवारी १९९४ मध्ये गोळी लागून मरण पावलेले सोनम दार्ग्ये हे त्याच पठारावरचे तिबेटी अधिकारी होते. त्यांचे नाव या चौघांच्या आधी घेतले पाहिजे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरील बंदी १९७९ पासूनची होती. आपल्याकडेही वन्यजीव संरक्षण कायद्याने चिरूला सर्वोच्च संरक्षण दिले होते; परंतु तो कायदा त्या काळी जम्मू-काश्मीरला लागू नव्हता, आणि शाहतूश विणली जात होती ती तेथेच. तेथील स्वतंत्र कायदा बदलून बंदी येण्यास २००२ साल उजाडले.

आणि या बंदीची किंमत कोणी दिली? न्यूयॉर्कच्या मेजवान्यांत शाहतूश पांघरणाऱ्यांनी नव्हे. ती श्रीनगरच्या गल्ल्यांतील कातणाऱ्या स्त्रियांनी आणि विणकरांनी दिली. इतका बारीक तंतू चरख्यावर न तुटता काढणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या होती. पुष्कळ जण पश्मीन्याकडे वळले; परंतु त्या धाग्याची मजुरी उतरली, आणि यंत्राने कातलेला माल त्यांच्या उरावर बसला. बंदी योग्यच होती, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण ज्या उत्साहाने आपण जनावराची छायाचित्रे छापतो त्याच्या चौथाई उत्साहाने या बायांच्या मजुरीची चौकशी झाली असती तर बरे झाले असते.

तरीही शोधप्रवाशांचे काम मला क्षुल्लक वाटत नाही. कायदा कागदावर असतो. त्याला पाहणारे डोळे लागतात, आणि दुर्गम जागी डोळे घेऊन जाण्यास पाय लागतात. ज्यांच्यापाशी असे पाय आहेत त्यांनी ते कोणासाठी झिजवावे, हा प्रश्न गेल्या शतकात पुष्कळांना पडला. दक्षिण ध्रुवावरून परतताना मृत्यू पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांनी शेवटच्या पत्रात, मुलाला निसर्गाची गोडी लावावी, असे पत्नीला लिहिले होते. तो मुलगा, पीटर स्कॉट, पुढे जागतिक वन्यजीव निधीच्या संस्थापकांत होता, आणि त्या संस्थेचे पांडाचे चिन्ह त्यानेच काढले. हिलरींचे उदाहरण तर घराजवळचे. १९५३ च्या विजयानंतर त्यांनी खुंबूच्या शेर्पांसाठी शाळा बांधल्या, आणि १९७६ साली स्थापन झालेल्या सागरमाथा राष्ट्रीय उद्यानालाही त्यांनी हातभार लावला.

२०१६ साली जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने चिरूचे नाव 'संकटग्रस्त' या वर्गातून काढून दोन पायऱ्या खालच्या धोक्याच्या वर्गात ठेवले; तेव्हा त्यांची संख्या लाख ते दीड लाख धरण्यात आली होती. चोरटी शाहतूश अजूनही अधूनमधून आपल्या विमानतळांवर पकडली जाते, तेव्हा पहारा सैल करून चालणार नाही. पठाराच्या पूर्व भागात २००६ साली ल्हासाची रेल्वे आली. ती चिरूंच्या जुन्या वाटेला आडवी जात होती म्हणून रुळांखालून ठिकठिकाणी मोकळे मार्ग ठेवावे लागले. पहिल्या काही वर्षांत माद्या पुलापाशी येऊन थबकत, मागे फिरत, पुन्हा येत. आता त्या सरावल्या आहेत. उन्हाळ्याच्या आरंभी जवळच्या महामार्गावर पहारेकरी मालमोटारी थांबवून धरतात, भोंगे वाजवू देत नाहीत, आणि गाभण माद्यांची रांग मान खाली घालून रस्ता ओलांडते, पुलाखालून निघते आणि उत्तरेकडे चालू लागते.