कोतवाल बुकातले परदादा

पुतणीच्या ॲडमिशनसाठी जातवैधता प्रमाणपत्र काढायचं ठरलं, आणि आमच्या घराण्याचा इतिहास शोधण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. आम्ही पिंजारी. राज्याच्या ओबीसी यादीत पिंजारी आहेत. पण त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आमच्याकडच्या जुन्या शाळेच्या दाखल्यांवर जातीच्या रकान्यात एकच शब्द होता : ‘मुसलमान’. एका कार्यालयातल्या बाबूंनी तो कागद परत सरकवला. म्हणाले, “हा तर धर्म झाला. जात कुठंय?”

बरोबरच होतं म्हणा. पण ज्या मास्तरांनी तो शब्द लिहिला, त्यांनी माझ्या दादांना जात विचारली असेल असं मला वाटत नाही. टोपी पाहिली आणि रकाना भरला.

मग इंग्रजांच्या काळातले कागद पाहणं आलं. पुणे-साताऱ्याकडच्या मित्रांना इनाम, वतन, पेशवे दफ्तर असं काहीतरी सापडतं. आमचा मामला वेगळा. नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला. आधी मुख्य ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं, १८६६ मध्ये ते पालकवाडीला आलं आणि तिथं वर्धा शहर वसलं. याच सुमारास रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्यानं जिल्ह्याचा पहिला नियमित बंदोबस्त केला. गावोगावच्या मालगुजारांचे हक्क, शेतांचे खसरे, वाजिब-उल-अर्ज, सगळं कागदावर आलं. हाच साहेब पुढं कापूस कमिशनर झाला. हिंगणघाटच्या कापसाचं त्याला मोठं अप्रूप.

जमीनवाल्यांसाठी हे कागद म्हणजे खजिना. आमच्यासाठी नाही. बंदोबस्त हा सारा वसूल करण्यासाठी होता, आणि जो सारा भरत नाही तो खसऱ्यात येत नाही. आमच्या परदादांकडं शेत नव्हतं, एक पिंजण होतं. दिवाळीनंतर थंडी सुरू झाली की गावोगाव फिरून कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरून द्यायच्या. अशा माणसाला सरकार दोनदाच ओळखायचं : जन्मताना आणि मरताना. त्या दोन्ही वेळा कोतवालाच्या वहीत नोंद व्हायची. मुळात ती वही लोकांच्या भल्यासाठी नव्हती, साथीत किती माणसं दगावली हे सरकारला कळावं म्हणून होती. पण आज विदर्भात हजारो घरांचं नशीब त्याच वहीच्या नकलेवर टांगलेलं असतं.

बरेच जण विचारतात, जनगणनेत शोधलं का? नाही. १९३१ पर्यंत जातवार गणना झाली खरी, पण त्यातले आकडेच उरले. घरोघरचे तक्ते कुणी जपून ठेवले नाहीत.

तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज केला, चलान भरलं, चकरा मारल्या. सुरुवातीची पानं मोडीत होती, म्हणून एका मोडी जाणणाऱ्या गुरुजींना सोबत नेलं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यात लिहिणाऱ्याला आमची नावं अनोळखी. ‘शेख’चा ‘सेक’ होतो, ‘इमाम’चा ‘इमान’. गंमत म्हणजे नाव चुकलेलं असलं तरी पुढचा शब्द कधीच चुकत नाही : ‘वल्द’. नक्कल, मिसल, बंदोबस्त, तहसील, वल्द. आम्हाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारणाऱ्यांनी एकदा आपल्या सातबाऱ्याआधीचे कागद वाचून पाहावेत.

शेवटी दोन नोंदी सापडल्या. पहिली १९१८ च्या हिवाळ्याच्या तोंडावरची. त्या वर्षी इन्फ्लुएंझानं मध्य प्रांतात कहर केला होता. पानच्या पान मृत्यूंचं, कारणाच्या रकान्यात ‘ताप’, खाली पुन्हा ‘ताप’, पुन्हा ‘ताप’. त्यात परदादांचा एक मुलगा, वय चार. जात : मुसलमान. या मुलाबद्दल घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी बराच वेळ ते पान उलटलं नाही. गुरुजीही काही बोलले नाहीत.

दुसरी नोंद चार वर्षांनंतरची, जन्माची. बापाचं नाव तेच, गाव तेच, पण जात : पिंजारी. अक्षर वेगळं होतं. म्हणजे लिहिणारा बदलला आणि आमची जात बदलली. या नव्या माणसानं बहुतेक विचारलं असेल, किंवा त्याच्या घरची रजई परदादांनीच भरली असेल.

आता अडचण अशी की कोतवाल बुकात बाळाला नाव नसतं. ‘अमुक यास मुलगा’, एवढंच. तो मुलगा म्हणजे आमचे दादाच, हे सिद्ध करायला शाळेचं दाखलखारीज रजिस्टर उपयोगी पडलं. तिथली जन्मतारीख आणि इथली तारीख जुळली. ज्या कागदावर ‘मुसलमान’ लिहिल्यामुळं आम्ही अडकलो, त्यानंच वाट काढून दिली.

घरी आनंद झाला, पण सगळ्यांना नाही. आमच्या फुफींचं म्हणणं, “अपन तो नियाजी नवाब के लश्कर में आए थे.” आष्टीला मोहम्मद खान नियाजीचा मकबरा आहे, जहांगीर बादशहाच्या काळात तो भाग त्याच्या जहागिरीत होता, हे खरंच. पण आमच्या ओळखीतली निम्मी घरं त्याच लष्करातून आलेली आहेत आणि पिंजण मारायला मागं कुणीच उरत नाही. पिंजारी म्हणवून घ्यायला आपल्याच लोकांना लाज वाटते, हे मला बाबूच्या शेऱ्यापेक्षा जास्त लागतं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात ‘बहना’ या नावाखाली आमच्यावर प्रकरण आहे. त्यात साहेबाला आमचा इस्लाम कच्चा वाटतो, कारण घरात हिंदू चालीरीती आहेत. साहेबाला कच्चे, फुफींना नवाबी. मधले परदादा मात्र थंडीत गावोगाव फिरत राहिले.

परदादींचं नाव कुठल्याच नोंदीत नाही. मूल त्यांना झालं, वहीत मात्र ‘अमुक यास’. ते नाव फुफींना पाठ होतं. त्यांच्या माहेरचं गावही त्यांनीच सांगितलं : वर्धा नदीच्या पलीकडचं, म्हणजे वऱ्हाडातलं. तिथं १९०३ पर्यंत कारभारच वेगळा, मालगुजारी नाही, रयतवारी. कागदांची नावं वेगळी, जागा वेगळ्या. पुतणीची फाइल समितीकडं गेली आहे. मी पुढच्या आठवड्यात पुलगावचा पूल ओलांडून पलीकडं चाललो आहे.