तेव्हा तुम्ही काय करत होता?

निपाणीत मराठी माध्यमाच्या मुलींना मी वीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यात चालू भूतकाळाचा धडा दरवर्षी यायचा. फळ्यावर लिहायचं सोपं होतं. 'आय', 'ही', 'शी', 'इट' असेल तर 'वॉज', 'वुई', 'यू', 'दे' असेल तर 'वेअर', आणि पुढच्या क्रियापदाला आयएनजी. 'शी वॉज रायटिंग', 'दे वेअर रायटिंग'. 'राइट'चं शेवटचं 'ई' गळतं, 'सिट'चा 'टी' दोनदा येतो. नकार असेल तर मधे 'नॉट'. प्रश्न असेल तर 'वॉज' किंवा 'वेअर' उचलून पुढं आणायचं. एवढं तासाभरात होतं. पोरी पाठही करतात.

अडतं ते पुढं, आणि अडतं ते आपल्या बोलीमुळं. पुस्तकातली मराठी म्हणते, 'मी जेवत होते.' आमच्याकडं म्हणतात, 'मी जेवालते', म्हणजे 'जेवाय लागले होते'. आता या 'लागले'चं भाषांतर पोरगी काय करणार? 'आय स्टार्टेड ईटिंग.' दरवर्षी चार-पाच वह्यांत हे वाक्य सापडायचंच. मी तांबडी रेघ ओढायचे आणि सांगायचे, बाळ, तुझं 'लागले' इथं सुरुवात दाखवत नाही, चालू असलेलं दाखवतंय. घरात कानडी बोलणाऱ्या मुलींची अडचण वेगळी. त्यांच्या 'होगतिद्दे'मधे 'जात होते' आणि 'जायची' दोन्ही मावतं. त्या रोजच्या सवयीलाही 'वॉज गोइंग' लावून मोकळ्या व्हायच्या. मग सांगावं लागायचं, रोज जायचीस तर 'यूज्ड टु गो'. त्या अमुक वेळेला वाटेत होतीस, तर 'वॉज गोइंग'.

म्हणजे या काळाला एक खुंटी लागते. आठ वाजता, पाऊस आला तेव्हा, फोन वाजला तेव्हा. खुंटीचं वाक्य साध्या भूतकाळात, आणि तिच्याभोवती जे चाललेलं होतं ते चालू भूतकाळात. 'व्हेन द बेल रँग, वुई वेअर प्लेइंग.' दोन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असल्या तर मधे 'व्हाइल' घालायचं आणि दोन्हीकडं आयएनजी.

एकदा आठवीच्या वर्गात मी विचारलं, काल रात्री आठ वाजता तू काय करत होतीस? सगळ्यांची उत्तरं गाइडातली. 'आय वॉज वॉचिंग टीव्ही.' 'आय वॉज डूइंग माय होमवर्क.' मागच्या बाकावरची एक उठली आणि गप्प उभी राहिली. म्हटलं, मराठीत सांग. तर हळूच म्हणाली, ''बाई, आई बिड्या वळालती, मी पानं कातरालते.'' 

मी फळ्यावर लिहिलं, 'माय मदर वॉज रोलिंग बिडीज व्हाइल आय वॉज कटिंग द लीव्ह्ज.' धड्यातल्या सगळ्या वाक्यांत हेच वाक्य सगळ्यात नीट होतं. निम्म्या वर्गाच्या घरी तेच चाललेलं असणार. भिजवलेली टेंभुर्णीची पानं, पत्र्याचं माप, कात्री, मांडीवर सूप, सुपात जर्दा. पोरींनी ते वहीत उतरून घेतलं. मला मात्र उरलेला तास नीट शिकवता आला नाही.

कारण आमची तंबाखूची वखार होती. घरात कुणी बिडी ओढत नव्हतं. आम्ही जैन. कांदा-लसूण नाही, दिवे लागायच्या आत जेवण, चातुर्मासात आणखी नेम. संध्याकाळी आज्जी प्रतिक्रमणाला बसायची. दिवसभरात कळत-नकळत कुठल्या जिवाला दुखवलं असेल ते आठवायचं आणि क्षमा मागायची. पाणी गाळून घ्यायचं, मुंगी पायाखाली येऊ द्यायची नाही. वखारीत बायका दिवसभर त्या धुळीत खोकत असायच्या. त्यांची गणती प्रतिक्रमणात कधी झाली नाही.

१९८१ साली मी दहा वर्षांची होते. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बेंगळूर हमरस्ता अडवला. बायकापोरांसह माणसं रस्त्यावर होती. एप्रिलमधे पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शेतकरी मारले गेले. 

या प्रसंगाचं एक वाक्य मी पुढं वर्गात नेहमी द्यायची. 'शेतकरी रस्त्यावर बसले होते.' मुली लिहायच्या, 'फार्मर्स हॅड सॅट'. शब्दाला शब्द बरोबर, पण इंग्रज तसं म्हणत नाही. तो म्हणतो, 'वेअर सिटिंग'. आपण बसण्याची क्रिया संपली असं धरतो, तो बसून राहणं चालू आहे असं धरतो. 'तिनं हिरवी साडी नेसली होती' याचंही तसंच, 'वॉज वेअरिंग'. मला वाटतं, त्या शेतकऱ्यांच्या बाबतीत इंग्रजीच बरोबर आहे. ते बसून मोकळे झाले नव्हते. रोज, दर तासाला, उन्हात बसतच होते.

आणि आम्ही? त्याच संध्याकाळी आम्ही दिवस मावळायच्या आत जेवत होतो. 'व्हाइल दे वेअर सिटिंग ऑन द रोड, वुई वेअर हॅविंग डिनर.' व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष वाक्य.

अण्णा म्हातारे झाल्यावर एकदा मी धीर करून विचारलं, ''अण्णा, तेव्हा तुम्ही काय करत होता?'' ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ''माल बघत होतो. भाव पडेल का चढेल एवढंच बघत होतो.'' थोड्या वेळानं म्हणाले, ''भाव कमी देतोय हे माहीत होतं गं.'' त्यापुढं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. वर्षभरात ते गेले.

धड्याच्या शेवटी एक सूचना असते. काही क्रियापदांना आयएनजी लागत नाही. 'नो', 'बिलाँग', 'अंडरस्टँड'. 'मला माहीत होतं' याचं 'आय वॉज नोइंग' होत नाही, 'आय न्यू' एवढंच होतं. मुली विचारायच्या, असं का हो बाई? मी सांगायची, जाणणं ही काही हातानं चाललेली क्रिया नाही, ती स्थिती आहे. माहीत असतं किंवा नसतं. थोडं थोडं माहीत होत होतं, असं म्हणून सुटता येत नाही.

हे सांगताना मला अण्णा आठवायचे. आणि त्यांच्याच ताटातलं जेवून, त्यांच्याच पैशानं बी.एड. होऊन, फळ्यापुढं उभी असलेली मीही.

त्या आठवीतल्या मुलीला परीक्षेत चालू भूतकाळावर पाचपैकी पाच मिळाले. पेपर परत देताना तिनं विचारलं, ''बाई, तुमच्या घरी रात्री आठला काय चालायचं?''

मी म्हटलं, ''आमचं जेवण तेव्हा होऊन गेलेलं असायचं.''

उत्तर खरं होतं. पण तिनं विचारलं होतं ते वेगळं होतं, आणि ते मला कळलं होतं. ते सांगायला आज हे लिहिलं.